दहा वॅट

कणकवलीहून एसटीने पार्सल आलं.
कंडक्टरने ते मिठबावच्या थांब्यावर
दूधवाल्याच्या हाती दिलं,
दूधवाल्याने माझ्या.
आत एक निळीकाळी प्लेट, पोळपाटाहून जराशी मोठी,
आणि एक पंप,
करवंटीत मावेल एवढा.

डोण मात्र घरची.
गोठा रिकामा झाला तेव्हापासून
गडग्याशी उपडी पडलेली.
रुजाय फर्नांडिसने पहारीने उलटली ती
तर खाली एक विंचू,
आणि गुरांना चाटायला ठेवायचो
त्या मिठाचा उरलेला खडा.

पंपाला जुन्या मच्छरदाणीचं फडकं गुंडाळलं,
नाहीतर पोफळीचा फुलोरा त्याचा घसा धरतो.
नळीच्या टोकाला शांपूच्या बाटलीचं झाकण,
त्याला तापल्या दाभणाने सात भोकं.
सातवं वाकडं गेलं.
ते अजून एकटंच
जास्वंदीच्या अंगावर उडतं.

लाल तार लालला, काळी काळीला,
जोडावर पट्टी, पट्टीवर मेण.
इथली हवा आठवड्यात
तांबं हिरवं करते.

आणि काहीच झालं नाही.

प्लेटच्या कोपऱ्यावर
झावळीची एक पात पडली होती,
बोटभर सावली,
तेवढ्याने सगळं ठप्प.
मी माडाकडे पाहिलं,
रुजायने कोयत्याकडे.
राहू दे, म्हटलं.

सोलं वाळवणारीला
ऊन शिकवावं लागत नाही.
नऊला विहिरीच्या कठड्याशी,
बाराला अंगणात मधोमध,
तीननंतर न्हाणीच्या कौलांवर.
ज्या वाटेने सुपं फिरतात
त्याच वाटेने प्लेट फिरवली.
पाणी आधी खोकलं,
मग एक बुडबुडा,
मग वीतभर उभं राहिलं,
नुकतं उभं राहू लागलेल्या पोरासारखं,
डुलत.

"वर जाता नि थयच पडता,"
रुजाय म्हणाला, "फायदो काय गो?"
मला सांगता आलं नाही.
लिंबाचं एक झाडसुद्धा
शिंपत नव्हतं ते.

भावजी पडवीत बसलेले असतात.
काचबिंदूने दोन वर्षांत
दोन्ही डोळे नेले.
दुपार झाली हे ते रेडिओवरून ओळखायचे,
रेडिओ बिघडला तेव्हा
माझ्या चपलांवरून.

तिसऱ्या दिवशी मी सोलं परतत होते.
पाण्याचा आवाज बसला.
"ढग इलो," भावजी म्हणाले.
मी वर पाहिलं.
आला होता.
"बारको आसा. जातलो."
मी सोलं परतत राहिले.
विसाव्या-बाविसाव्या सोलाला
पाणी परत बोलू लागलं.

तेव्हापासून ते आम्हाला आभाळ सांगतात.
पातळ ढगाला पाणी नुसतं ठेंगणं होतं,
दाट असला तर गप्प,
आणि संध्याकाळी एकदम जात नाही,
आधी पुटपुटतं.
"चल, दिवो लाव," म्हणतात मग,
मी घड्याळ बघायच्या आत.

पुण्याहून मुलीचा फोन आला:
आई, एक बॅटरी लाव ना,
रात्रीही चालेल.
नको म्हटलं.
का ते फोनवर
नीट सांगता येईना,
मी नारळाचे भाव सांगितले.

काल भर बाराला पाणी खाली बसलं.
"ढग," भावजी म्हणाले,
"मोठो आसा. सोलां भितर घे गो."
मी टोपली घेऊन धावले.
आभाळ कल्हई केल्यासारखं लख्ख.

प्लेटवर कावळा.
डोणीत मनसोक्त न्हाऊन आलेला,
पंख सैल सोडून, चोच वासून,
सगळे दहा वॅट पोटाखाली घेऊन.

मी सांगितलं तसं.
भावजी जरा वेळ गप्प बसले.
चुकलेलं त्यांना आवडत नाही.
मग म्हणाले,
"मगे तो ढगच. पायवालो."

हाकलू?

"बसांदे. सुकांदे त्येका."

रिकामी टोपली कमरेवर घेऊन
मी तशीच उभी राहिले.
लाल सोलांच्या मधोमध
कावळा वाळत होता.